पहिला डॉक्टर आणि सहा तास

आज सुश्रुताकडे जायचं ठरलं होतं. शिष्यांनी चिरा देण्याचा सराव भोपळ्यावर आणि काकडीवर का करायचा, टाके जाड कापडावर का घालायचे, हे सगळं पुढच्या रविवारी. मधेच लातूरच्या एका वाचकबाईंचं पत्र आलं आणि ते बाजूला सारून पुढे जाववेना. त्यांची भाची एमबीबीएस करतेय, तिला पुढे बालरोगात जायचंय. बाई विचारतात, ‘मग शस्त्रक्रियेचं एवढं जाडजूड पुस्तक तिनं का वाचायचं? ऑपरेशन एमएस झालेलाच करणार ना?’

ऑपरेशन एमएस झालेलाच करणार, कबूल. पण पेशंट आधी त्याच्याकडे जात नाही. तो जातो कोपऱ्यावरच्या दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, नाहीतर रात्री कॅज्युअल्टीत, जिथे बहुधा इंटर्न उभा असतो. सर्जनपर्यंत तो पोचणार का आणि कधी, हे तिथेच ठरतं. म्हणून अभ्यासक्रमातल्या प्रत्येक मुद्द्याला मी दोन प्रश्न विचारतो. हा पेशंट सर्वांत आधी कोण बघणार? आणि त्या डॉक्टरला उशिरा कळलं तर नुकसान किती?

या दोन प्रश्नांवर माझं आवडतं उदाहरण आहे वृषणाला पडणारा पीळ, म्हणजे टॉर्शन. माझे विद्यार्थी यावरून माझी थट्टा करतात. करोत बापडे.

वृषण ज्या दोरीला लोंबतो, तिच्यातूनच त्याची रोहिणी आणि नीला जातात. एरवी तो मागच्या बाजूनं पिशवीच्या भिंतीला चिकटलेला असतो. काही मुलांत जन्मतःच ही पकड नसते, आणि वृषण घंटेच्या लोळ्यासारखा मोकळा झुलतो. कधीतरी, पुष्कळदा झोपेतच, तो स्वतःभोवती फिरतो. दोरीला पीळ बसतो. आधी नीला दबतात, वृषण सुजतो, मग रोहिणीही बंद पडते. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचतो, चोवीस तासांनंतर क्वचितच. शस्त्रक्रिया अवघड नाही. पीळ सोडवायचा, वृषण टाक्यांनी जागेवर बसवायचा, आणि ती पकड सहसा दोन्हीकडे नसते म्हणून दुसरी बाजूही बांधून टाकायची. अवघड आहे ते वेळेत ओळखणं.

कारण मुलगा ‘पोटात दुखतंय’ म्हणून येतो. गर्भात वृषण तयार होतो तो पोटात, मूत्रपिंडाच्या शेजारी. खाली उतरताना तो तिथल्या नसा सोबत घेऊन येतो, त्यामुळे कळ पोटात जाते, उलट्याही होतात. वय साधारण बारा ते अठरा, शेजारी आई उभी. खरी जागा तो सांगेल कशी?

माझ्या उमेदवारीच्या काळात असाच एक मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. पहाटेपासून दोन दवाखाने झाले होते आणि दोन्हीकडे पोटदुखीचं इंजेक्शन मिळालं होतं. चड्डी मात्र कुणीच उतरवायला सांगितली नव्हती. वृषण काळा पडला होता, काढावा लागला. त्या दोघा डॉक्टरांना हातांचं कसब लागणारच नव्हतं. आईला जरा बाहेर बसवायचं, बघायचं, आणि मांडीच्या आतल्या बाजूला बोट ओढायचं. एरवी त्या बाजूचा वृषण टुणकन वर उचलला जातो, पीळ पडला असेल तर सहसा हलत नाही. एवढंच लागणार होतं.

आता अभ्यासक्रम उघडू. २०१९च्या तुकडीपासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात जनरल सर्जरीचे ३० विषय आहेत. तिसावा विषय शिश्न, वृषण आणि अंडकोशाचा. त्यात फायमोसिस आहे, न उतरलेला वृषण आहे, जंतुसंसर्गाची सूज आहे, व्हेरिकोसील आहे, हायड्रोसील आहे, वृषणाच्या गाठींचं वर्गीकरणही आहे. पिळाचं स्वतंत्र कलम नाही. वृषणाचा कर्करोग भारतात लाख पुरुषांमागे वर्षाला एकालाही होत नाही. उलट, पाश्चात्त्य आकडेवारीप्रमाणे पंचविशीच्या आतल्या दर चार हजारांत एकाला वर्षभरात पीळ पडतो.

कुणी हे मुद्दाम वगळलं, असं मी म्हणत नाही. ‘बेली अँड लव्ह’मध्ये टॉर्शन व्यवस्थित आहे, चांगले शिक्षक ते शिकवतातही. पण यादी अवयववार केली की असं होतं. अवयव घ्यायचा, त्याचे जन्मजात दोष, सूज, गाठी ओळीनं लिहायच्या. त्यात शिकवणारे आपण सगळे आता एकेका अवयवाचे तज्ज्ञ, आणि प्रत्येकाला आपापली गाठ महत्त्वाची वाटते. पेशंट मात्र अवयव घेऊन येत नाही, तक्रार घेऊन येतो. ‘पोटात दुखतंय’ या एका वाक्याखाली अपेंडिक्स, अडकलेला हर्निया आणि पिळलेला वृषण एकत्र बसले पाहिजेत. आणि त्या ‘पोटाची’ तपासणी जांघ आणि अंडकोश पाहिल्याशिवाय पुरी होता कामा नये.

त्याच २०१९च्या नियमावलीत प्रमाणित करायच्या कौशल्यांची एक वेगळी यादी आहे, ती मला मनापासून आवडते. शस्त्रक्रियेखाली तिथे मोजक्याच गोष्टी आहेत : साधे टाके, जखमेची निगा, बँडेज, वरवरचं गळू फोडणं आणि अपघातग्रस्ताचे सुरुवातीचे उपचार. ही यादी करणाऱ्यांनी कॅज्युअल्टीतला इंटर्न डोळ्यांसमोर ठेवला असावा. पण ती हातांची यादी आहे. टाके किती घातले ते लॉगबुकात मोजता येतं, वेळेवर लावलेला फोन तिथे कुठल्या रकान्यात लिहायचा?

म्हणून बाई, तुमच्या भाचीला स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेतले टप्पे आले नाहीत तर माझी तक्रार नाही. तिला मी एवढाच प्रश्न घालीन : रात्रीचे अकरा, ग्रामीण रुग्णालय, चौदा वर्षांचा मुलगा, दोन तासांपासून पोटात कळ आणि उलट्या, सर्जन चाळीस किलोमीटरवर. पहिल्या दहा मिनिटांत काय करशील? ‘सकाळी सोनोग्राफी’ लिहिलं तर नापास. कपडे काढून तपासलं, सर्जनला फोन लावला, मुलाला उपाशी ठेवलं आणि गाडी बोलावली, तर पास. आणि बालरोगतज्ज्ञ झाल्यावर तिला हा मुलगा माझ्याआधी भेटणार आहे.