दिवसभर राबणं, तरी हृदयाला व्यायाम नाही

घरात लहान मूल असलेल्या बाईला कुणी ‘जरा व्यायाम कर’ म्हटलं की तिला राग येतो. तो रास्त आहे. दिवसभर तिची पाठ जमिनीला टेकत नाही. बाळाला उचलणं, भरवणं, दुपटी धुणं, रात्रीची जागरणं. एवढं करून व्यायाम कमी कसा पडेल?

ब्रिटनमधल्या केंब्रिज आणि साउथॅम्प्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ८४८ स्त्रियांच्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. हालचाली उपकरणांनी मोजल्या होत्या, आठवून सांगितलेल्या नव्हत्या. शाळकरी मुलांच्या आया दिवसाला सरासरी २६ मिनिटं मध्यम किंवा जोरकस हालचाल करत होत्या, त्याहून लहान मुलांच्या आया फक्त १८. आठवड्याचा हिशेब केला तर ही १२६ मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटना किमान १५० मिनिटं सांगते, आणि २०२० च्या तिच्या मार्गदर्शनात बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठीही तोच आकडा आहे. पण याच अभ्यासातली दुसरी नोंद मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांची सगळी मुलं पाच वर्षांखालची होती, त्या आयांची हलकी हालचाल शाळकरी मुलांच्या आयांपेक्षा जास्त भरली. म्हणजे त्या बसून नव्हत्याच.

फरक आहे तो जोराचा. भरभर चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. साधारण तिथून मध्यम व्यायाम सुरू होतो. स्नायू जास्त प्राणवायू मागतात, हृदय वेगाने रक्त पुरवतं, आणि काही आठवडे हे सातत्याने झालं की एका ठोक्यात जास्त रक्त ढकलण्याची त्याची ताकद वाढते. स्नायू रक्तातली साखरही अधिक चांगली वापरू लागतात. घरकामातली बरीचशी हालचाल तुटक असते, दोन मिनिटांत थांबते. ती वाया जात नाही, पण शरीर थकतं आणि दम मात्र वाढत नाही. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका अनेक पटींनी जास्त असतो. तिच्यासाठी तर ही मिनिटं फार मोलाची.

बाबांचंही शरीर बदलतं. अमेरिकेत दहा हजारांवर पुरुषांची सुमारे वीस वर्षं पाहणी झाली, तेव्हा मुलांसोबत राहणाऱ्या वडिलांचं वजन मूल झाल्यावर वाढलेलं दिसलं.

तरीही वेळेची ओढाताण दोघांची सारखी नाही. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. मुलांची आणि घरातल्यांची देखभाल करणाऱ्यांमध्ये हेच आकडे १३७ आणि ७५ आहेत. हा हिशेब समोर असताना आईला इच्छाशक्तीचे धडे देणं मला अन्यायाचं वाटतं.

आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला घरातली माणसं जपतात. ती विश्रांती हवीच; ओटीपोटाचे आणि कटितळाचे स्नायू सावरायला वेळ लागतो, आणि सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. पण सव्वा महिना संपला की ही काळजीही आटोपते, खरी गरज तेव्हा सुरू होते. म्हणून ही विनंती आईला नाही, घरातल्या बाकीच्यांना आहे: रोज अर्धा तास बाळाला तुम्ही घ्या, आणि तिला एकटीला भरभर चालून येऊ द्या.