रिक्ता तिथी, भरलेला बाजार

तुर्भ्याच्या बाजार समितीत तिथी कळायला पंचांग उघडावे लागत नाही. भाजीपाला बाजारात गवार आणि लाल भोपळ्याचे भाव एकदम चढले, अळूच्या पानांना गिऱ्हाईक वाढले, की भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला असे खुशाल समजावे. रताळ्याच्या गोण्या उतरू लागल्या आणि तिकडे दाणाबंदरात, म्हणजे धान्य बाजारात, साबुदाणा, भगर, शेंगदाणा यांची विचारणा वाढली, की आषाढी नाहीतर महाशिवरात्र तोंडावर आलेली असते. मार्गशीर्षात गुरुवारच्या आधी फळबाजार हलतो. कोकणातून हापूसची पहिली पेटी येते तिला तर नावच 'मुहूर्ताची पेटी'. तिची पूजा होते, भाव जाहीर होतो आणि दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. अक्षय्य तृतीयेला किती आंबा उतरेल याचा अंदाज बांधूनच कित्येक व्यापाऱ्यांचा हंगाम चालतो.

कांदा-बटाटा, मसाला, धान्य, भाजीपाला आणि फळे हे मुंबई बाजार समितीचे पाच घाऊक बाजार १९८० आणि १९९०च्या दशकांत मुंबईच्या गर्दीतून खाडीपलीकडे आले. लोक म्हणतात 'वाशी मार्केट', पण त्याचा पसारा तुर्भ्याच्या हद्दीत आहे. बाजाराबरोबर माणसे आली आणि माणसांबरोबर त्यांची पंचांगे. दाणाबंदरातल्या कच्छी व्यापाऱ्याचे नवे वर्ष आषाढी बीजेला, गुजराती पेढीचे दिवाळीच्या पाडव्याला, मराठी माथाड्याचे गुढीपाडव्याला. फळबाजारातल्या उत्तर भारतीय कामगाराचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो, कारण त्याचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. शेजारच्या मुसलमान व्यापाऱ्याची तारीखही चंद्राचीच, फक्त तिला अधिक महिना मान्य नसल्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. शुभ-अशुभ तिथींचा आढावा घ्यायला यापेक्षा चांगली जागा मला सुचत नाही. मंदिरात तिथी पाळली जाते. इथे तिचा हिशेब होतो.

आधी तिथीचे गणित, थोडक्यात. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी होते. तीनशे साठ अंशांच्या अशा तीस तिथी, म्हणजे एक चांद्रमास, सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा. चंद्राची गती सारखी नसल्याने तिथी कधी वीस तासांत आटोपते, तर कधी सत्तावीस तासांच्या जवळ जाते. म्हणून एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते आणि तिची वृद्धी होते, तर एखादी एकही सूर्योदय पाहत नाही आणि तिचा क्षय होतो. यात शुभ नाही, अशुभ नाही, निव्वळ कोन आहे.

तो कोन मोजण्यात आपल्या किनाऱ्याचा वाटा मोठा आहे. अलिबागहून मुरुडकडे जाताना लागणाऱ्या नांदगावात पंधराव्या-सोळाव्या शतकांत केशव दैवज्ञ आणि त्यांचा मुलगा गणेश दैवज्ञ हे दोन मोठे ज्योतिषी होऊन गेले. गणेशांनी १५२०च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचले. त्यात 'ज्या'ची, म्हणजे त्रिकोणमितीची, कटकट टाळून ग्रहगणित सोपे केले होते. त्यांच्या 'तिथिचिंतामणी'ने तर पंचांग करणाऱ्याचे काम कोष्टकांवर आणून ठेवले. पुढची कित्येक शतके महाराष्ट्रातली आणि बाहेरचीही पंचांगे या गणितावर निघाली. वडील केशव यांचा 'मुहूर्ततत्त्व' हा मुहूर्तांवरचा ग्रंथ. एकाच घरात मुलगा तिथी कधी लागते ते मोजतो आणि वडील तिच्यात काय करावे ते सांगतात, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. मोजणे आणि मानणे यांत आज आपल्याला दिसते तेवढी दरी तेव्हा नव्हती.

मुहूर्तग्रंथ तिथींचे पाच गट करतात. प्रतिपदा, षष्ठी, एकादशी या नंदा. द्वितीया, सप्तमी, द्वादशी या भद्रा. तृतीया, अष्टमी, त्रयोदशी या जया. चतुर्थी, नवमी, चतुर्दशी या रिक्ता. आणि पंचमी, दशमी, पौर्णिमा-अमावास्या या पूर्णा. यांतल्या रिक्ता मंगलकार्याला वर्ज्य. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. पुढचे मात्र दिनदर्शिकेच्या चौकटीत मावत नाही. शस्त्र, अग्नी, शत्रूचा बंदोबस्त अशा उग्र कामांना ग्रंथकार रिक्ता चालवून घेतात. रिक्ता शनिवारी आली तर सिद्धयोग होतो आणि तिचा दोष उरत नाही; तसेच नंदेचे शुक्रवारशी, भद्रेचे बुधवारशी, जयेचे मंगळवारशी आणि पूर्णेचे गुरुवारशी जमते. राम दैवज्ञांनी १६०० साली काशीत लिहिलेला 'मुहूर्तचिंतामणी' चाळला तर दिसते, की 'हा दिवस चांगला का?' असा मोघम प्रश्न तिथे कोणी विचारतच नाही. प्रश्न असतो: कोणत्या कामाला? नांगरटीला, जावळाला, प्रवासाला की औषध घ्यायला?

आता रिक्तांची यादी पुन्हा वाचा. गणेशचतुर्थी चतुर्थी आहे. रामनवमी नवमी आहे. अनंत चतुर्दशी आणि महाशिवरात्र या दोन्ही चतुर्दशी. महाराष्ट्राचे सर्वांत मोठे सण वर्ज्य ठरवलेल्या तिथींवर बसले आहेत आणि कुणाला त्यात काही वावगे वाटत नाही. लग्नाला चतुर्थी नको म्हणणारे घर त्याच तिथीला चंद्रोदयाची वाट बघत उपाशी बसते, आणि ती मंगळवारी आली तर अंगारकी म्हणून पहाटेपासून देवळाबाहेर रांग लावते.

अमावास्येचे प्रकरण याहून गमतीचे. सायन-पनवेल रस्त्यावर आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात ट्रकच्या पुढच्या बाजूला त्या दिवशी ताजे लिंबू-मिरची लटकते, चाकाखाली लिंबू चिरडले जाते, नारळ फुटतो. नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या बाजार समित्यांत अमावास्येला लिलाव बंद ठेवायची रीत वर्षानुवर्षे चालली; लासलगावने ती पाळली आणि अलीकडच्या वर्षांत मोडलीही. शेतकऱ्याच्या बाजूने बघितले तर मोडली ते बरेच झाले. चाळीतला उन्हाळ कांदा तिथी बघून वजन घटवायचा थांबत नाही.

पण मराठी वर्षातल्या अमावास्या एकेक करून बघा. आषाढात दिव्यांची अमावास्या, तीच जिव्हेच्या लाडाने गटारी झालेली. श्रावणात पिठोरी, त्याच दिवशी पोळा. बैलाची पूजा वर्षातून एकदा, तीही अमावास्येला. भाद्रपदात सर्वपित्री. आश्विनात लक्ष्मीपूजन. सोमवारी आली की सोमवती, मग जेजुरीच्या खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते. आणि मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, जिला लातूर-धाराशिवकडे 'येळवस' म्हणतात. त्या दिवशी गावे ओस पडतात, कारण सगळे रानात. कडब्याच्या कोपीत पांडव मांडायचे, भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे, आणि येईल त्याला जेवायला बसवायचे. दाणाबंदरात लातूरहून तूरडाळ येते. ती पिकवणाऱ्याच्या लेखी वर्षातला सर्वांत आनंदाचा दिवस अमावास्येचा असतो. इतके सगळे तिच्या नावावर असताना ती सरसकट वाईट कशी ठरली, हे मला अजून उलगडलेले नाही. काळोखाची भीती हे एक कारण असणार. विजेआधीच्या काळात चंद्र नसलेल्या रात्री बैलगाडी हाकणे धोक्याचेच होते. आता त्या भीतीचे ओझे उगाच कुणावर तरी पडते. अमावास्येला जन्मलेल्या मुलीच्या पत्रिकेकडे बघून नाक मुरडणारे आजही भेटतात, आणि मला ते अजिबात सहन होत नाही.

खुद्द या जमिनीला अमावास्या कधी अशुभ नव्हती. बाजार येण्याआधी ठाणे खाडीच्या या काठावर आगरी-कोळ्यांची गावे होती, भातशेती होती, मिठागरे होती. खाडीवर जगणाऱ्याची तिथी कुणी पोथीतून सांगत नाही, पाणी सांगते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भरतीची वेळ काढायचा तोंडी हिशेबही ठरलेला: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या. मुंबईच्या किनाऱ्याला तो ढोबळमानाने बरोबर बसतो. मिठागरात पाणी घ्यायचे ते उधाणाच्या भरतीला, बांधातली उघाडी उघडून. भांगाला पाणी तेवढे चढतच नाही. म्हणजे मिठागरवाल्याला अमावास्या ही कामाची तिथी, चुकवून न चालणारी. नारळी पौर्णिमेचा नारळ आणि चैत्र शुद्ध षष्ठी-सप्तमीला कार्ल्याच्या एकवीरेकडे निघणाऱ्या पालख्या आजही त्याच चंद्रावर चालतात. मिठागरांच्या जागी मात्र बहुतेक ठिकाणी सेक्टर उभे आहेत.

व्यापाऱ्याची अमावास्या वर्षातून एकदाच शुभ होते, पण अशी होते की बाकीच्या अकरा जणींचे उट्टे काढते. लक्ष्मीपूजनाला गाळ्यागाळ्यांत वह्या पुजल्या जातात. मुंबई शेअर बाजारात १९५७ पासून या दिवशी मुहूर्ताचे सौदे होतात. गेल्या काही वर्षांत मात्र मुहूर्तानेच व्यापाऱ्यांना कोड्यात टाकले. २०२४ मध्ये अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागली आणि १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. उत्तरेत बहुतेकांनी ३१ तारीख धरली, महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ तारीख. २०२५ मध्ये पुन्हा तेच: २१ ऑक्टोबरला अमावास्या सूर्यास्ताच्या थोडी आधीच संपत होती, तरी आपल्याकडे पूजन त्याच दिवशी लागले आणि उत्तरेत अनेक ठिकाणी आदल्या दिवशी. शेअर बाजाराने मुहूर्ताचे सौदे २१ तारखेलाच, पण नेहमीच्या संध्याकाळऐवजी दुपारी पावणेदोन ते पावणेतीन ठेवले. प्रदोषकाळी कोणत्या दिवशी तिथी आहे, दोन्ही दिवशी असेल तर कोणता घ्यायचा, दुसऱ्या दिवशी अपुरी असेल तर काय, असले प्रश्न सोडवण्यासाठीच पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस 'धर्मसिंधु' लिहिला. मराठी पंचांगकर्ते आजही त्याचाच हवाला देतात. ज्या बाजारात मराठी, कच्छी, मारवाडी आणि उत्तर भारतीय पेढ्या शेजारीशेजारी आहेत, तिथे अशा वर्षी लक्ष्मी दोन दिवस मुक्कामाला असते. फुलवाल्यांची काही तक्रार नसते.

पितृपक्षाबद्दल लोक जास्त चुकतात. या पंधरवड्यात गाडी, घर, सोने घेऊ नये असा समज इतका घट्ट आहे की दुकानदारही तो गृहीत धरून माल भरतात. पंचांगकर्ते जाहीरपणे सांगत आले आहेत की हा पंधरवडा पितरांच्या स्मरणाचा आहे, खरेदीला त्यात शास्त्राचा अडसर नाही. पण शास्त्र सैल झाले तरी लोक सैल होत नाहीत; लोकाचार शास्त्राहून नेहमीच कडक. लग्नाच्या बाबतीत मात्र उलटे घडते. चातुर्मासात विवाह नको म्हणतात, पण रजा, हॉल आणि परदेशातला नवरदेव यांचा मेळ बसेना की गौण काळातला आपत्कालीन मुहूर्त शोधला जातो, आणि पंचांग तो देतेही. सोलापूरच्या दाते पंचांगात अशा मुहूर्तांची सोय असते. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढले तेव्हापासून तिथी भिंतीवर आली. घराघरातल्या बाईला पुरोहिताला न विचारता संकष्टी कळू लागली, हे त्या कॅलेंडरचे मोठे काम. त्याचबरोबर मुहूर्तग्रंथांतले 'कोणत्या कामाला?' हे प्रश्नचिन्ह मात्र पुसट होत गेले. आता मोबाईलवर सकाळी 'आजचा दिवस शुभ' एवढेच येते.

सर्वांत मोठा वर्ज्य काळ अधिक महिन्याचा. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौरवर्षापेक्षा अकरा दिवस कमी. ती तूट भरून काढायला साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जादा धरतात: २०२३ मध्ये श्रावण अधिक, २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक, १७ मे ते १५ जून. लग्नाच्या ऐन हंगामात महिनाभर मुहूर्त नाहीत, म्हणजे हॉलवाले आणि वाजंत्री रिकामे. पण याच धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण द्यायचे असते. त्यामुळे बाकी सगळे थंड असताना दाणाबंदरात जुना तांदूळ आणि गूळ, मसाला बाजारात खसखस यांना मात्र मागणी येते, आणि व्यापारी त्याचा साठा पंचांग बघून दोन महिने आधीच करून ठेवतात.