मारहाण झालेल्या बाईने रात्री जायचे कुठे?

कपाशीवर बोंडअळी दिसली तर कोणाला विचारायचे, हे आपल्या वऱ्हाडात शाळकरी पोरही सांगेल. पण डोके फोडून रात्री घराबाहेर काढलेल्या बाईने कुठे जावे, असे महिला मेळाव्यात विचारले की सगळ्या गप्प बसतात. मग मागून एखादी म्हातारी म्हणते, "माहेरी जावं, दुसरं काय?" सासर पातूरकडे, माहेर दर्यापूरकडे आणि रात्री एस.टी. नाही, तर हे उत्तर पुरत नाही. माहेरी भावजयीच्या राज्यात किती दिवस काढता येतात, हेही बायांना ठाऊक असते.

म्हणून दोन आकडे ध्यानात ठेवावे. तातडीने पोलीस हवे असतील तर ११२ आणि महिलांच्या मदतीसाठी १८१. फोन बाईनेच केला पाहिजे असे नाही. शेजारी, आशाताई, पोलीस पाटील, कोणीही करावा. घरगुती हिंसेची खबर चांगल्या हेतूने संरक्षण अधिकाऱ्याला देणाऱ्यावर कायद्याने कसलीही जबाबदारी येत नाही. "दुसऱ्याच्या घरात कशाला पडायचं" म्हणणाऱ्यांनी हे वाचून ठेवावे.

अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी 'सखी' वन स्टॉप सेंटर आहे. केंद्र सरकारची ही योजना २०१५ साली सुरू झाली. तिथे दवाखान्याची सोय, पोलिसांत तक्रार, वकिलाचा सल्ला आणि समुपदेशन एकाच जागी मिळते व साधारण ५ दिवसांपर्यंत राहता येते. लेकरे सोबत नेता येतात. मुलगा मोठा असेल तर आधी विचारून घ्यावे. पुढे जास्त दिवस राहायचे असल्यास 'शक्ती सदन' आहे. पूर्वी त्याला स्वाधार गृह म्हणत.

बलात्कार किंवा ॲसिड हल्ला झाला असेल, तर सरकारी असो की खासगी, प्रत्येक दवाखान्याने ताबडतोब मोफत उपचार केलेच पाहिजेत. गुन्हा आमच्या हद्दीत घडला नाही, असे सांगून पोलीस ठाण्याला परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातच तसे लिहिले आहे. अशा पीडितांसाठी राज्याची 'मनोधैर्य' योजना २०१३ पासून आहे. तिची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करावी. बाईला तिथे वकीलही फुकट मिळतो, मग घरी ५ एकर असो की ५०.

पण खरी अडचण पाचव्या दिवसानंतर येते. सातबारा सासऱ्याचा, घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर दिराच्या नावे. मग बाईला वाटते, आपला हक्क कशावरच नाही. हे खरे नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे ज्या घरात ती संसार करते, त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, मालकी कोणाचीही असो. घर सासू-सासऱ्यांच्या नावे असले तरी हा हक्क सांगता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० रोजी दिला. तिला हुसकावू नये, मारणाऱ्या पुरुषानेच घर सोडावे, किंवा दुसऱ्या घराचे भाडे भरावे, असा हुकूम न्यायदंडाधिकारी देऊ शकतात.

अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करावा. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल शक्यतो ६० दिवसांत, असे कायदा म्हणतो. तारखा लांबतातच; म्हणून पहिल्याच अर्जात अंतरिम हुकूम मागावा.

गावातली चार शहाणी माणसे समजूत घालून बाईला त्याच रात्री परत पाठवतात. मला हे मुळीच पटत नाही. बैठक घ्यायचीच तर बाई सुरक्षित जागी पोचल्यावर घ्यावी.

वेचणीच्या दिवसांत बाया म्हणतात, "मी गेले तर म्हशीचं कोण पाहील?" म्हैस शेजारीण दोन दिवस पाहू शकते. तिच्याचकडे आधारकार्ड, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, लेकरांचे दाखले आणि दवाखान्याच्या चिठ्ठ्या यांच्या झेरॉक्स एका पिशवीत ठेवून द्याव्या. दागिने स्त्रीधन आहेत. त्यांची यादी पिशवीत असावी. कुठे जाणार हे मात्र तिच्याशिवाय कोणाला सांगू नये. पुष्कळ घरांत मोबाईल नवऱ्याच्याच खिशात असतो, तेव्हा ११२ आणि १८१ हे आकडे मोठ्या मुलीला तोंडपाठ करवून ठेवावे.