घन प्रावरणातून शिलारस कसा उपजतो?

पृथ्वीच्या पोटात वितळलेल्या खडकांचा महासागर उसळत असून ज्वालामुखी ही त्याची धुराडी होत, अशी समजूत एके काळी रूढ होती. भूकंपविज्ञानाने ती निराधार ठरविली. भूकंपाचे आडवे तरंग द्रवातून जात नाहीत. परंतु सुमारे 2,900 किलोमीटर खोलीपर्यंत पसरलेल्या प्रावरणातून ते जातात. अर्थात प्रावरण जवळजवळ सर्वस्वी घन आहे. त्याखालील बाह्य गाभा द्रवरूप आहे खरा. पण तो मुख्यत्वे लोहाचा आहे. मग बेसाल्टाचा शिलारस येतो कोठून?

केवळ उष्णतेकडे बोट दाखवून हे कोडे सुटत नाही. खडकाचे वितळणे दाबावरही अवलंबून असते. प्रावरणातील पेरिडोटाइट कोरडा असल्यास पृष्ठभागावरील दाबाखाली सुमारे 1,100° सेल्सियसला वितळू लागतो. 100 किलोमीटर खोलीवर त्याला 1,450° ते 1,500° तापमान लागते. म्हणूनच तो अतितप्त असूनही घन राहतो. असा खडक संथपणे वर सरकला, तर दर किलोमीटरमागे त्याचे स्वतःचे तापमान अंशभरही उतरत नाही. वितळण्यास लागणारे तापमान मात्र तीन-चार अंशांनी उतरते. दोहोंची गाठ पडताच, बाहेरून उष्णता न मिळताही, खडकाचा अल्प अंश वितळतो. हा अंश म्हणजेच बेसाल्टी शिलारस. जपान किंवा इंडोनेशियासारख्या ठिकाणी खाली जाणाऱ्या महासागरी भूपट्टातून सुटलेले पाणी पेरिडोटाइटात शिरते व त्याचा वितळणांक शेकडो अंशांनी घटवते. तेथे प्रमुख कारण पाणी, अन्यत्र दाबाची घट.

दख्खनच्या लाव्हाथरांचे मूळ या दुसऱ्या प्रकारात मोडते. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या या उद्रेकांचे थर आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहेत. खडक वर का आला, याविषयी मात्र मतभेद आहेत. काही अभ्यासक सध्या रीयूनियन बेटाखाली असलेल्या तप्त ऊर्ध्वस्रोताकडे निर्देश करतात. काही भूपट्टाच्या ताणास व विदारणास अधिक महत्त्व देतात. शिलारस मुळात किती तप्त होता, हे कळल्यास या वादाचा निर्णय सुकर होईल.

अडचण येथेच आहे. शिलारस थंड होताना ऑलिव्हिनासारखी खनिजे आधी स्फटिकरूप होऊन वेगळी पडतात व उरलेल्या द्रवाचे संघटन पालटते, हे तत्त्व बोवेन यांनी 1928 च्या आपल्या ग्रंथात विशद केले. सह्याद्रीतील बहुतेक बेसाल्टांत मॅग्नेशियमाचे प्रमाण इतके कमी आहे की, वाटेत हा बदल झाला असल्याविषयी संशय उरत नाही. सौराष्ट्रातील विंधनछिद्रांत आढळलेले ऑलिव्हिन-समृद्ध पिक्राइट मूळ द्रवास अधिक जवळचे वाटतात. पण त्यांतही वेगळे पडलेले स्फटिक मागाहून साचलेले असू शकतात.

म्हणून घाटातील कड्यावरून आणलेला नमुना हा प्रावरणाचा थेट निरोप समजू नये. त्याने वाटेत काय गमावले याचा हिशेब आधी मांडावा; मगच उगमाच्या खोलीविषयी व तापमानाविषयी बोलावे.