पुसता न येणारा रंग

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास दक्षिण कोकणात जत्रांना बहर येतो आणि देवळापुढे रात्रभर दशावतार रंगतो. तेथे रंगभूषाकार निराळा नसतो. पेटीपुढे बसून, हाती आरसा घेऊन प्रत्येक नट आपला चेहरा आपणच रंगवितो.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात या कर्मास आहार्य अभिनयात स्थान दिले आहे. पांढरा, निळा, पिवळा व तांबडा हे मूळ वर्ण. त्यांच्या मिश्रणाने इतर सिद्ध होतात. मुनींचा दृष्टान्त मोठा मार्मिक आहे. जीव दुसऱ्या देहात शिरला की पूर्वीचा स्वभाव टाकतो, तद्वत् रंग चढलेल्या नटाने भूमिकेचा स्वभाव धारण करावा.

काही वर्षांपूर्वी सिंधुदुर्गातील एका गावी कीर्तनास गेलो असता याचा प्रत्यय आम्हांस आला. विष्णूचे सोंग घेतलेला तरुण नट पडद्यामागे सहकाऱ्यावर संतापला होता. इतक्यात एका वृद्ध माउलीने येऊन त्याच्या पायांवर मस्तक ठेवले. तो ओशाळून गप्प झाला. पहाटे दहीकाल्यानंतर खोबरेल तेलाने तोंड पुसताना तो आम्हांस म्हणाला, "बुवानू, रंग पुसूक येता, पण तो नमस्कार कसो पुसू?"

आम्हां कीर्तनकारांची भूषा ती काय? कपाळी गंध आणि बुक्का. परंतु तेवढा लावतानाही आता तो प्रश्न आठवतो. वाचकहो, आपल्याही कपाळी गंध-कुंकू असते. त्यास शोभेल असे वर्तन घडो, हीच ग्रामदेवतेचरणी प्रार्थना.