जंतूंना त्यांच्याच भाषेत उत्तर : सूक्ष्म आर.एन.ए.

क्षयरोगावरचे पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसीन. १९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत ते मातीतील एका सूक्ष्मजीवापासून मिळाले. आपल्याकडे १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे १९५५ पासून पेनिसिलीन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसीनही तयार होऊ लागले. ज्या रोगाचे नाव घरात मोठ्याने घेत नसत, तो रोग बरा होऊ लागला. जंतूंविरुद्धचे युद्ध माणसाने जिंकले, असेच त्या पिढीला वाटले असेल.

पण जंतू स्वस्थ बसले नव्हते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उडवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर २०११ मध्ये चार क्षयरुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या जंतूंवर तपासून पाहिलेले एकही औषध चालत नव्हते. अशा क्षयाला काय नाव द्यावे यावर वाद झाला. पण नावाने रोग थोडाच बदलतो? औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यात क्षयाखेरीज न्यूमोनिया, रक्तदोष, साध्या जखमा चिघळणे, असे सारे काही आले.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, त्याला कारण आहे. पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या वाडीतून माझे काका मुंबईला नोकरीला गेले आणि काही वर्षांनी क्षय घेऊन परतले. साध्या गोळ्या लागू पडल्या नाहीत. मग महिनोन् महिने कानामायसीनची इंजेक्शने घ्यावी लागली. घरात इंग्रजी अक्षरे लावून वाचणारा मी एकटाच. त्यामुळे औषधांची नावे वाचण्याचे काम लहानपणीच माझ्याकडे आले. काका वाचले, पण त्यांचे दोन्ही कान गेले. जे औषध जंतूला मारते, तेच माणसाचे कान का नेते? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात होता. त्याचे उत्तर शोधता शोधता आर.एन.ए. या शब्दापाशी मी येऊन पोचलो.

आर.एन.ए. म्हणजे काय, हे आपल्याकडच्या एका उदाहरणाने समजेल. जमिनीची मूळ नोंद तलाठ्याच्या दप्तरात असते. ते दप्तर कोणी घरी नेत नाही. कर्ज हवे असेल तर त्या नोंदीचा सातबारा उतारा काढून सोसायटीत द्यावा लागतो. उतारा वाचून तेथला कारकून पुढचे काम करतो. पेशीतही असेच चालते. डी.एन.ए. हे दप्तर. त्यातील एखाद्या जनुकाचा उतारा म्हणजे संदेशवाहक आर.एन.ए. तो वाचून प्रथिन तयार करणारा कारकून म्हणजे रायबोझोम. हा रायबोझोमही बराचसा आर.एन.ए.चाच बनलेला असतो. स्ट्रेप्टोमायसीन आणि कानामायसीन ही औषधे जंतूच्या या कारकुनालाच जाऊन चिकटतात व त्याचे वाचन बिघडवतात. आता आपल्या पेशींतील तंतुकणिकांचे रायबोझोम जंतूंच्या रायबोझोमशी पुष्कळसे मिळतेजुळते असतात. या औषधांनी कान जाण्यामागचे ते एक कारण मानले जाते.

मग कारकुनाला हात न लावता नेमका एकच उतारा निकामी करता आला तर? नवी कल्पना ती हीच. आर.एन.ए.ची भाषा चार अक्षरांची आहे : ए, यू, जी आणि सी. ए ची जोडी यू शी जमते, जी ची सी शी. म्हणून ज्या उताऱ्याला गाठायचे, त्याच्या अक्षरांना जोडीदार ठरतील अशी दहा-बारा अक्षरांची पट्टी तयार करायची. ती उताऱ्याच्या आरंभीच चिकटली, की कारकुनाला वाचता येत नाही आणि ते प्रथिन तयार होत नाही. प्रथिन जंतूच्या प्राणाशी निगडित असेल, तर जंतू मरतो.

गंमत अशी, की ही युक्ती जंतूंना आधीपासूनच अवगत आहे. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूत इनोये व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली मिक-एफ नावाचा सूक्ष्म आर.एन.ए. शोधून काढला. तो जंतूच्याच एका उताऱ्याला चिकटतो आणि जंतूच्या बाह्य आवरणातील विशिष्ट छिद्रे कमी करतो. भोवतालची परिस्थिती पालटली, की जंतू अशा रीतीने आपली दारे मिटून घेतो. पुढे असे कितीतरी सूक्ष्म आर.एन.ए. निरनिराळ्या जंतूंत सापडले.

माणसाने हीच युक्ती प्रथम विषाणूवर चालवून पाहिली. १९७८ साली झामेकनिक व स्टीफन्सन यांनी १३ अक्षरांच्या डी.एन.ए. पट्टीने एका विषाणूची वाढ रोखली. पण साधी पट्टी शरीरात लवकर तुटते. यावर उपाय म्हणून कोपनहेगनचे पीटर नील्सन यांनी १९९१ साली पी.एन.ए. नावाची कृत्रिम पट्टी बनवली. तिची अक्षरे तीच, कणा मात्र वेगळा व टिकाऊ. २००१ साली लियाम गुड, नील्सन व सहकाऱ्यांनी या पट्टीला जंतूच्या आवरणातून आत शिरणारा प्रथिनाचा एक लहान तुकडा जोडला आणि मेदाम्ले तयार करण्यास आवश्यक असे एक जनुक बंद पाडून प्रयोगशाळेत ई. कोलाय मारून दाखवला.

मग हे औषध दुकानात का मिळत नाही? पहिली अडचण आत शिरण्याची. जंतूचे आवरण म्हणजे रायगडाची तटबंदीच. त्यातही क्षयाच्या जंतूचे आवरण मेणचट, म्हणून अधिकच दुर्भेद्य. दुसरी अडचण अशी, की ज्या वाहकातून पट्टी आत जाते, तो वाहकच ई. कोलायने गमावून औषधाला चकवल्याचे प्रयोगांत दिसले आहे. तिसरी अडचण म्हणजे रोग्याच्या शरीरात योग्य जागी, विषबाधा न होता पुरेसे औषध पोचवणे. जंतूंविरुद्धचे अशा प्रकारचे एकही औषध अद्याप माणसांसाठी मंजूर झालेले नाही. मात्र मानवी पेशीतला आर.एन.ए. रोखणारे पॅटिसिरान हे औषध एका आनुवंशिक व्याधीसाठी २०१८ साली अमेरिकेत मंजूर झाले. म्हणजे मार्ग खुला आहे. जंतूच्या तटबंदीपाशी तेवढा अडला आहे.

या नव्या वाटेचा मोठा गुण असा, की अक्षरे बदलली की औषध बदलते. जंतूने आपल्या उताऱ्यात एखादे अक्षर फिरवले, तर आपणही पट्टीतले अक्षर फिरवू शकतो. एका जातीच्या जंतूपुरती पट्टी लिहिता आली, तर पोटातले उपकारक जंतूही वाचतील. आर.एन.ए. हाताळण्याचे तंत्र आपल्याला अगदीच परके आहे असेही नाही. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने बनवलेली भारताची पहिली एम-आर.एन.ए. लस जून २०२२ मध्ये मंजूर झाली आणि ती साध्या शीतकपाटाच्या तापमानात टिकते.

परंतु औषध सापडणे वेगळे आणि ते गरिबाच्या दारी पोचणे वेगळे. क्षयाच्या औषधोपचारात श्रवणशक्ती गमावलेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह बेडाक्विलीन या नव्या गोळीच्या मक्तेदारीची मुदत वाढवण्यास हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने ती मुदतवाढ नाकारली. उद्या सूक्ष्म आर.एन.ए.चे औषध निघाले, तरी ते कोणाला परवडणार, हा प्रश्न राहणारच. आणि तो केवळ प्रयोगशाळेचा नाही, अर्थशास्त्र व राज्यशास्त्र शिकणाऱ्या आपलाही आहे.

नवे शस्त्र हाती येईपर्यंत जुनी शस्त्रे बोथट होऊ न देणे एवढे तरी आपल्या हातात आहे. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच सोडणे, उरलेल्या शेजाऱ्याला देणे, चिठ्ठीशिवाय दुकानातून प्रतिजैविके आणणे, हे आपल्या वाड्यावस्त्यांतून रोज घडते. त्यात हौस नसते. दवाखाना दूर असतो आणि दिवसाची मजुरी बुडते. म्हणून नुसता उपदेश करून भागणार नाही. आपल्यापैकी अनेकजण घरातले पहिलेच शिकणारे आहोत. औषधाच्या पाकिटावरची तांबडी रेघ आणि त्याखालची सूचना घरच्यांना वाचून दाखवणे, तिचा अर्थ त्यांच्या भाषेत सांगणे, हे काम आपण आजपासून करू शकतो.