जस्ती पत्रे आणि त्यांचे स्क्रू

गोठ्यावर नवे पत्रे घालतांना शेतकरी पत्र्याची जाडी बोटांनीं चांचपून पाहतो; परंतु तो पत्रा ज्या स्क्रूनें वाशाला धरून ठेवावयाचा, त्याची कोणी चौकशी करीत नाहीं. वास्तविक वादळांत छप्पर राहतें कीं उडतें, हें पुष्कळदां त्या क्षुल्लक वस्तूवरच ठरतें. म्हणून या विषयाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

लोखंडास पाणी व हवा एकत्र मिळाली म्हणजे गंज धरतो. वर जस्ताचा थर असल्यास जस्त आधीं झिजतें व लोखंड वांचतें. बारीक ओरखडा पडला तरीहि हें रक्षण चालू राहतें. मात्र जितका थर जाड, तितकेंच त्याचें आयुष्य. विजेच्या साह्यानें चढविलेला चकचकीत मुलामा बहुधा ५ ते १२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असतो. सुमारें ४५० अंश सेंटिग्रेड उष्ण अशा वितळलेल्या जस्तांत बुडविलेल्या मोठ्या बोल्टावर ४० मायक्रॉन किंवा अधिक थर बसतो. तो मळकट व खरबरीत दिसतो. तेव्हां चकाकीस भुलूं नये. अशा बोल्टाचा नट थोड्या सैल आट्यांचा लागतो; म्हणून दोन्ही जोडीनेंच घ्यावे.

घरांतील कोरड्या कामास चकचकीत मुलामा पुरतो. देशावरील उघड्या छपरास, कुंपणास व फाटकास बुडविलेलें जस्तच घ्यावें. कोंकणकिनाऱ्यावरील खारी हवा, गोठ्यांतील मूत्राची वाफ व खतांच्या कोठींतील क्षार जस्तास लवकर खातात. तेथें स्टेनलेस स्टील वापरावें. समुद्राजवळ मॉलिब्डेनमयुक्त ३१६ जातीचें ३०४ पेक्षां सरस ठरतें.

दोन निराळे धातु ओल्या जागीं एकमेकांस भिडले म्हणजे त्यांतील दुबळा अधिक झिजतो. यास्तव तांब्यापितळेचे वायसर जस्ती पत्र्यावर लावूं नयेत. स्टेनलेस स्क्रूखालीं रबरी वायसर घालावा. स्क्रू हातोड्यानें ठोकूं नये. त्यानें मुलामा सोलतो व भोंक मोठें होऊन पाणी आंत शिरतें.

दरवर्षीं मृगापूर्वीं एकदां शिडी लावून छप्पर पाहावें. ज्या भोंकाखालीं तांबूस ओघळ दिसेल, तेथील स्क्रू बदलावा. पत्र्यांच्या किंमतीपुढें चांगल्या स्क्रूंचा वाढीव खर्च अल्पच असतो; तो वांचविण्यांत शहाणपण नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.